आधी हात, मग तोंड

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बेळगावला मावशीला बघून आम्ही परत येत होतो, गाडी मी चालवत होतो, बायको शेजारी आणि आई मागं, मांडीवर कुंद्याचा डबा घेऊन. निघायलाच उशीर झालेला, खानापूर सोडलं तेव्हा काळोख पडला होता आणि अनमोडला पोचेपर्यंत धुकं इतकं दाट की पुढच्या ट्रकचे लाल दिवेसुद्धा मधेच नाहीसे व्हायचे. काच जरा खाली केली की तापलेल्या ब्रेकचा करपट वास, ओल्या पाल्याचा वास, खाली कुठंतरी पाणी पडल्याचा आवाज, आणि दिसत मात्र काहीच नाही. आई घाटात बोलत नाही, डोळे मिटून जप करते, तशीच बसली होती. घाट संपला, मोलेच्या नाक्यावर गाडी थांबवली. रेनकोट घातलेला एक पोरगा, पंचविशीचा असेल, टॉर्च घेऊन आला. "खंयच्यान आयल्यात?" मी सांगितलं. त्यानं टॉर्च आधी माझ्या स्टिअरिंगवरच्या हातांवर मारला, मग तोंडावर. मग बायकोचे हात, मग तोंड. मग मागं उजेड गेला, डबा धरलेले आईचे हात दिसले, मग तिचा चेहरा, आणि पोरानं टॉर्च चटकन खाली केला. "वचात आजी, सांबाळून," म्हणाला. बास, एवढंच. गाडी नाक्यापासून शंभरेक मीटर पुढं आली असेल, तेव्हा आई मागून म्हणाली, "अण्णा पण असाच कंदील वर करायचे. आधी हात बघायचे, मग तोंड."

अण्णा म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील. ते मोलेच्या चौकीवर होते हे मला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं.

माझं वय सत्तेचाळीस. मला आठवतात ते अण्णा कचेरीतून शिपाई म्हणून रिटायर झालेले, पांढरं धोतर, अंगात बनियन, खांडेपारच्या घराच्या सोप्यावर भिंतीला टेकून बसलेले. "आजोबा काय करायचे?" या प्रश्नाला घरात एकच उत्तर होतं, कचेरीत होते. त्याआधी काय, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. आणि मी तर लहानपणापासून किल्ल्यांच्या मागं लागलेला माणूस. कॉलेजात असताना प्रत्येक सुट्टीत कुठल्यातरी डोंगरावर, पाठीला सॅक, हातात काठी, गडाच्या दारात पोचलो की घसा फुटेपर्यंत घोषणा. रायगडाच्या पायऱ्यांबद्दल मी तासभर बोलू शकतो, कुठल्या किल्ल्याचा किल्लेदार कोण ते पटापट सांगू शकतो, आणि आमच्याच घरात घाटाच्या तोंडाशी पहारा केलेला माणूस चाळीस वर्षं सोप्यावर बसून होता तो मला दिसला नाही. त्या रात्री घरी येऊन जेवलो, झोपायला गेलो, झोप काही येईना. डोक्यात तेच, आधी हात, मग तोंड. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना आईला परत विचारलं तर म्हणाली, "जाऊ दे रे, जुनं झालं ते."

गोव्यात किल्ला म्हटलं की लोकांना समुद्र आठवतो. पुण्या-मुंबईचे मित्र येतात, आग्वाद बघतात, शापोऱ्याच्या तटावर बसून फोटो काढतात, तेरेखोलला जेवतात, झालं. त्यात त्यांची चूक नाही, पाखले, म्हणजे पोर्तुगीज, आले ते समुद्रातून, राहिले ते समुद्राकडं तोंड करून, आणि दगड-चुन्याचं त्यांचं मोठं काम सगळं किनाऱ्याला. पण त्यांना खरी धास्ती होती ती पाठीमागची. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, आणि तिच्यात जागोजागी फटी. रामघाट, चोर्ला, केळघाट, अनमोड, तिनईघाट, दिगी. या फटींतून वरचं धान्य खाली यायचं आणि खालचं मीठ, नारळ, सुकी मासळी वर जायची, लमाणांच्या बैलांचे तांडेच्या तांडे. आणि ज्या वाटेनं मिठाचा बैल चढतो त्याच वाटेनं घोडाही उतरतो. १५१० साली आल्बुकर्कनं गोवा घेतलं आणि दोन-तीन महिन्यांत आदिलशाही फौज घाटावरून उतरली, त्याला पावसाळा जहाजांवर काढावा लागला, नोव्हेंबरात परत येऊन त्यानं शहर दुसऱ्यांदा घेतलं. तेव्हापासून पुढची साडेचारशे वर्षं प्रत्येक व्हाइसरॉयच्या मनात तीच एक भीती असणार, घाटातून आज कोण उतरतंय.

घाट राखायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला किल्ले हिंडून हिंडून थोडंफार कळलंय. आपल्याला वाटतं वर माथ्यावर एक बुलंद किल्ला बांधला की काम झालं. तसं नसतं. माथ्यावर असतो तो डोळा. तिथून धूळ दिसते, रात्री मशाली दिसतात, मग जाळ करून किंवा माणूस पळवून खाली कळवायचं. घाटाच्या पायथ्याशी असते ती मूठ. बैल उतरून दमलेले असतात, पहिलं पाणी जिथं मिळेल तिथं तांडा थांबतोच, तिथं चौकी, तिथं जकात. आणि त्याच्याही पुढं, जिथं नदी आडवी येते आणि उतार किंवा होडी एकाच जागी असते, तिथं खरा कोट. अनमोडच्या वाटेवर हे तिन्ही आहे. वर घाटमाथा, खाली मोले, पुढं खांडेपारची नदी आणि नदी ओलांडली की फोंडा. म्हणून तर फोंड्याच्या कोटासाठी एवढी माणसं मेली. फोंडा ज्याच्या हातात त्याच्या हातात घाटाची कडी.

१६७५ मध्ये महाराजांनी फोंड्याला वेढा घातला. किल्ला आदिलशाहीचा, किल्लेदार महमदखान. एप्रिलचा महिना, म्हणजे आमच्याकडं अंगातून घामाच्या धारा लागतात तो काळ, काजूचा वास सगळीकडं, नदीला पाणी कमी. सुरुंग लावून बघितले, तटाच्या अगदी जवळ मातीची भिंत उभारून तिच्या आडून माणसं पुढं सरकवली, शिड्या तयार केल्या, आणि शिडीवरून पहिले चढणाऱ्यांसाठी सोन्याची कडी करून घेतली. पोर्तुगीज वरवर तटस्थ, आणि आतून रसद भरलेल्या होड्या लपूनछपून किल्ल्याकडं पाठवत होते, त्या महाराजांच्या लोकांनी पकडल्या. मे महिन्यात किल्ला पडला. हे मी शाळेत असल्यापासून वाचत आलोय आणि दर वेळी त्या सोन्याच्या कड्यांपाशी थांबतो. कुणीतरी ती घडवली असतील, मोजली असतील. चढणाऱ्यांतल्या किती जणांच्या हातात ती पडली? वर पोचलेल्या किती जणांना ती घालायला हात शिल्लक होता?

मग १६८३. महाराज गेलेले, संभाजीराजे गादीवर, आणि कोंद द आल्व्होर नावाचा व्हाइसरॉय फौज घेऊन फोंड्यावर चालून आला. आत येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी. येसाजींचं तेव्हा वय झालेलं, राजगड-रायगडाच्या दिवसांतला माणूस तो, आयुष्यभर लढून झाल्यावर शेवटी इथं या लाल मातीत येऊन तटावर उभा. तोफांनी तट फोडला, मोठं भगदाड पडलं, पण आतले लोक हटले नाहीत, आणि तेवढ्यात राजे स्वतः मदतीला येऊन पोचले. व्हाइसरॉयला दुर्भाटच्या खाडीच्या वाटेनं मागं पळावं लागलं, आणि त्याच महिन्यात, २४ नोव्हेंबरला, मराठ्यांनी थेट गोव्याच्या तोंडाशी असलेलं जुवें बेट घेतलं. व्हाइसरॉयनं आपली अधिकाराची काठी सेंट झेवियरच्या शवाच्या हातात नेऊन दिली ती याच वेळी, आता तूच राख म्हणून. कृष्णाजीला फोंड्याच्या लढाईत जखमा झाल्या आणि त्यातच तो गेला. म्हाताऱ्या बापानं तट राखला आणि मुलगा गेला, हे कुठल्याही पुस्तकात दोन ओळींत येतं. राजांनी पुढं कोट दुरुस्त करून घेतला, नाव ठेवलं मर्दनगड. पण १६८३ नंतरही काही संपलं नाही, १७३९ ला परत मराठी फौजा आल्या, व्यंकटराव घोरपडे आणि दादाजी भावे नरगुंदकर, परत फोंडा घेतलं. पुढं ते सोंध्याच्या राजाकडं आणि मग हैदरअलीच्या धामधुमीत १७६३ ला कायमचं पाखल्यांकडं. कोट हातोहात फिरत राहिला. आज तो दाखवा म्हटलं तर दाखवण्यासारखं काही उरलेलं नाही. फर्मागुडीला महाराजांचं स्मारक आहे, पुतळा आहे, शिवजयंतीला आम्ही सगळे जातो. पण येसाजी जिथं उभे होते त्या तटाचे चिरे गेले कुठं, तर आमच्याच गावांतल्या घरांत, विहिरींत, कुंपणांत गेले असणार, चांगला घडवलेला चिरा आमच्याकडं कुणी वाया घालवत नाही.

हे सगळं मी आईला सांगत बसलो एक दिवस, दुपारी, ती तांदूळ निवडत होती. तिला गोष्टीत ओढायचं आणि मग अण्णांवर यायचं असा माझा बेत. तिनं सगळं ऐकून घेतलं. सूप बाजूला ठेवलं. आणि बोलायला लागली.

आईचा जन्म १९५४ चा. अण्णा तेव्हा आल्फांदच्या नोकरीत, म्हणजे जकातीच्या, साधे गार्द. शिक्षण मराठी चौथी आणि थोडं पोर्तुगीज, घरात पाच तोंडं खाणारी, भाताची जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. नोकरी मिळाली ती घेतली. ती साताठ वर्षांची व्हायच्या आधी एकदा अण्णांनी तिला चार दिवस मोलेला नेलं होतं. चौकी म्हणजे एक नळ्यांचं, कौलारू घर, पुढं ओटा, रस्त्यावर आडवा बांबू आणि त्याच्या टोकाला दगड बांधलेला. तो काळ भारतानं नाकेबंदी केल्याचा. कुळ्याहून वर कॅसलरॉकला जाणारी आगगाडी बंद, घाटातली वाहतूक बंद, घरात बटाटे यायचे ते बोटीनं हॉलंडहून आलेले. मग चौकीवर यायचं कोण, तर पायी चालणारी माणसं. वरच्या गावातले गवळी, डोक्यावर भारा घेतलेल्या बाया, कुणी आजारी माणसाला बघायला निघालेला. त्यांतच कुणी घड्याळं, सोनं लपवून वर नेणारा, कुणी पत्रकं लपवून खाली आणणारा. "रात्री कुणी आलं की अण्णा ओट्यावरून खाली उतरायचे," आई म्हणाली आणि तिनं उजवा हात खांद्याच्या वर नेला, मूठ बंद, जणू कंदिलाची कडी धरलीय, "पण आधी असा खाली धरायचे, कमरेएवढा. हात बघायचे. मग हळूहळू वर. मी ओट्यावर गोधडीत पडून बघत असायचे, मला ते आवडायचं, काळोखातून आधी दोन हात यायचे आणि मग त्यांच्यावर माणूस यायचा."

मी विचारलं, पत्रकंवाले सापडले का कधी? आई बराच वेळ बोलली नाही. म्हणाली, "ते मी विचारलं नाही. आणि त्यांनी सांगितलं नाही."

हे मला लागलं. अजून लागून आहे. कारण मला हवं ते उत्तर ठरलेलं होतं, की अण्णांनी कंदील वर केला, पत्रकं दिसली आणि त्यांनी तोंड फिरवून जा म्हटलं. तसं झालंही असेल. नसेलही. घरात पाच तोंडं होती आणि चौकीवर त्यांच्या वरचा काब, म्हणजे नाईक, पाखला होता.

त्यानंतरच्या रविवारी मी एकटाच नाणूसला गेलो. वाळपईपासून जवळ, म्हादईच्या काठाला. आधी दोनदा गेलोय, पण तेव्हा बघायचं ते वेगळं होतं. २६ जानेवारी १८५२ ला दिपाजी राणेंनी हा कोट पाखल्यांकडून घेतला, आणि तिथून साडेतीन वर्षं सत्तरीच्या रानात त्यांनी सरकारला दम घेऊ दिला नाही, शेवटी १८५५ ला सरकारनं समझोता केला. गोव्यातल्या मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाला हे माहीत असतं. पावसात गेलो तर सगळं रान माजलेलं, कोट असा उभा दिसतच नाही, आधी पायाला लागतो. चिखलात एक उंचवटा, त्यावर शेवाळ, शेवाळ खरवडलं की खाली जांभा दगड, त्याची ती भोकं भोकं, आणि भोकांत पाणी साठलेलं. एका ठिकाणी चिऱ्यात वाटीएवढी गोल खोबण होती, कडा गुळगुळीत झालेल्या. दाराची बिजागरी फिरायची ती जागा असणार असं मला वाटलं. बोट घालून बघितलं, आत पाणी, पाण्यात एक बेडकाचं पिल्लू. या खोबणीत लाकूड फिरून फिरून दगड झिजला म्हणजे दार किती वेळा उघडलं आणि लागलं असेल, आणि दर वेळी ते लावणारा कुणीतरी होताच ना, रात्रीचं शेवटचं दार लावून आडणा सरकवणारा, त्याचं नाव कुठं आहे?

तिथंच, पाऊस डोक्यावर घेत, मला नाणूसचं दुसरं साल आठवलं. १८९५. पोर्तुगीज सैन्यात आमचेच मराठे शिपाई होते. सरकारनं हुकूम काढला, मोझांबिकला जा, तिथं बंड झालंय ते मोडायला. समुद्र ओलांडून, आफ्रिकेत, बायकापोरांच्या पोटाची सोय काय ते कुणी धड सांगेना. शिपायांनी नकार दिला, हत्यारं घेऊन पणजीहून निघाले आणि आले कुठं, तर इथं, नाणूसच्या कोटात. मग राणे उठले, दादा राणे पुढं झाले, सत्तरी पेटली, थेट लिस्बनहून राजाच्या भावाला फौज घेऊन यावं लागलं. मी हे आधी वाचलेलं तेव्हा माझं सगळं लक्ष राण्यांकडं. त्या दिवशी पहिल्यांदा त्या शिपायांचा विचार केला. अंगावर पाखल्याचा गणवेश, कमरेला पाखल्याचा पट्टा, आणि आतला माणूस सत्तरीचा, पेडण्याचा, डिचोलीचा. त्या सकाळपर्यंत तेही कुठल्यातरी चौकीवर उभं राहून आपल्याच माणसांच्या पिशव्या तपासत असतील. त्यांना आम्ही क्रांतिकारक म्हणतो आणि ते बरोबरच आहे. अण्णांना काय म्हणायचं, हे तिथं उभं राहून मला ठरवता आलं नाही.

पारगडलाही एकदा जाऊन आलोय, दहाएक वर्षांपूर्वी. आमच्या पेडणे-डिचोलीच्या डोक्यावरच म्हणा ना, चंदगड तालुक्यात, पण उभं राहिलं की खाली सगळा दोडामार्ग आणि पुढं गोवा अंथरलेला दिसतो. रामघाटाकडं आणि पाखल्यांवर नजर ठेवायला महाराजांनी तो गड वसवला आणि किल्लेदारी दिली रायबा मालुसरेला. ज्याचं लगीन कोंढाण्यापायी मागं पडलं तो रायबा. बाप सिंहगडावर पडला आणि पोराला हे स्वराज्याचं टोक. गडावर अजून वस्ती आहे, मालुसऱ्यांचे, त्या वेळच्या मावळ्यांचे वंशज अजून तिथं राहतात. भवानीच्या देवळाच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ भेटले होते, त्यांनी सांगितलं की महाराजांचा शब्द आहे, आकाशात चंद्रसूर्य आहेत तोवर गड जागता ठेवा. मी विचारलं होतं, बाबा, मुलं कुठं असतात? मुंबईला, म्हणाले, गिरणगावात गेली ती तिकडचीच झाली, पण सणाला येतात. आणि तुम्ही? ते हसले. "आम्हाला कुणी जा म्हणून सांगितलेलं नाही," म्हणाले. तेव्हा मला ते फार भारी वाटलं होतं, खाली उतरून मित्रांना दहा वेळा सांगितलं. गड जागता ठेवा. आता कळतं की जागं राहणं हे काय असतं, ते मी लहानपणी रोज बघत होतो.

कारण अण्णा रात्री झोपायचे नाहीत.

मी सुट्टीत खांडेपारला असायचो, रात्री लघवीला उठलो की सोप्यावर ते दिसायचे. दिवा नाही, बिडी नाही, भिंतीला टेकून ताठ बसलेले आणि तोंड रस्त्याकडं. मला भीती वाटायची आणि बरंही वाटायचं, कुणीतरी जागं आहे म्हणून. बाजूला पाण्याचा तांब्या. रस्त्यावरून ट्रक गेला की त्यांची मान ट्रकाबरोबर फिरायची. पहाटे कोंबडा आरवला की उठून आत यायचे आणि दुपारपर्यंत झोपायचे. आजी म्हणायची, त्यांना उष्णता आहे, झोप लागत नाही. आम्ही मान्य केलं होतं.

आईनं त्या दुपारी तेही सांगितलं, तांदळाचं सूप तसंच बाजूला पडलेलं. १९६१, डिसेंबर. पाखल्यांना कळून चुकलं होतं की आता भारताची फौज येणार, आणि सीमेवर लढायचं नाही, पूल उडवत मागं सरकायचं असं वरून ठरलेलं. १७ तारखेला संध्याकाळी चौकीवर लॉरी आली. काबनं कागद भरले, पेट्या भरल्या, अण्णांना सांगितलं, तू थांब, बदली येईल, बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही. आणि लॉरी गेली. अण्णा थांबले. रात्रभर कंदील लावून ओट्यावर बसले. बदली आली नाही. १८ ला घाटातून फौज उतरली, शीख पलटण एका अंगानं, बिहारी पलटण दुसऱ्या अंगानं, मोलेला दोन्ही एकत्र आल्या. गोळी कुणी झाडली नाही, झाडायला होतंच कोण. ओट्यावर एकटा खाकी कपड्यातला माणूस बघून एक सरदारजी बंदूक रोखून पुढं आला. अण्णांनी आपणहून दोन्ही हात पुढं केले, पालथे केले, उलटे केले. त्यानं हात बघितले. मग तोंड बघितलं. आणि मानेनं खुणावलं, जा.

अण्णा मोलेपासून चालत निघाले. रस्त्यानं फौजेच्या गाड्या, म्हणून रानातून. इकडं खांडेपारचा पूल त्याआधीच उडवलेला, त्या आवाजानं घराचे नळे सरकले आणि देवघरातली समई पडली ते आईला आठवतं, सात वर्षांची होती ती. रात्री बिहारी पलटण नदीपर्यंत येऊन थांबली, पलीकडच्या काठावर चुली पेटल्या, सगळा गाव या काठावर उभा राहून बघत होता. १९ ला रात्री वास्कोत गव्हर्नरनं शरणागती दिली. गावात साखर वाटली, भजन झालं, कुणीतरी देवळाची घंटा वाजवतच राहिला. अण्णा आले २० ला, होडीनं नदी ओलांडून, पुढच्या दारानं आले नाहीत, मागच्या केळींतून आले. अंगातला खाकी सदरा काढून गुंडाळी करून काखेत धरलेला. आजीनं तो चुलीत घातला. बटणं तेवढी राहिली, पितळेची होती, ती राखेतून काढून आजीनं कुठं टाकली ते कुणाला कळलं नाही.

नोकरी गेली नाही, नव्या सरकारनं जुन्या लोकांना सामावून घेतलं, अण्णा कचेरीत शिपाई झाले. पण आईच्या वर्गात दोघी मुली होत्या, त्यांचे वडील सत्याग्रह करून आग्वादच्या तुरुंगात राहून आलेले. झेंडावंदनाला त्यांना पुढं बसवायचे. बाईंनी एकदा वर्गात विचारलं, कुणाकुणाच्या घरी काय काय झालं मुक्तीच्या वेळी, सांगा. आई म्हणाली, आमचे नळे सरकले आणि समई पडली. तेवढंच सांगितलं. तेव्हापासून तिनं तेवढंच सांगितलं, साठ वर्षं.

मी तिला म्हटलं, आई, त्यांनी कुणाचं वाईट केलं असं तर नाही ना. ती म्हणाली, "ते मला माहीत नाही रे. मला एवढंच माहीत आहे की बदली येईपर्यंत थांब म्हणून सांगितलं होतं आणि कुणी आलं नाही. आई गेली तेव्हासुद्धा त्या रात्री ते सोप्यावरच बसले होते." मग सूप ओढून घेतलं आणि तांदूळ निवडायला लागली.

मी येसाजींचा विचार करतो, रायबाचा करतो, त्यांना पहाऱ्यावर ठेवणारा कोण होता आणि कशासाठी ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. अण्णांना कुणी ठेवलं? लिस्बनला बसलेल्या माणसानं, ज्याला मोले नकाशावर दाखवता आलं नसतं. आणि तरीही जागा सोडली नाही. याचा अभिमान बाळगायचा की वाईट वाटून घ्यायचं, मला दोन्ही होतं, एकाच वेळी होतं, आणि मी आता त्यातलं एक निवडायच्या मागं लागलेलो नाही. फक्त सोप्यावरच्या त्या काळोखातल्या माणसाजवळ एकदा जाऊन बसायला हवं होतं असं फार वाटतं. सात-आठ वर्षांचा होतो, झोप यायची, लघवी करून परत गोधडीत शिरायचो.

गणपती झाल्यावर परत बेळगावला गेलो, मावशीचं ऑपरेशन होतं. येताना परत उशीर, परत घाटात काळोख, पाऊस मात्र नव्हता. मोलेचा नाका आला तशी आई म्हणाली, गाडी कडेला घे. मी घेतली. ती उतरली, गुडघे धरत, साडी सावरत, हातात कुंद्याचा डबा. योगायोग म्हणा, पोरगा तोच होता. तो टॉर्च घेऊन लगबगीनं आला, काय झालं आजी, बरं नाही का. आईनं डबा त्याच्या हातात दिला. तो नको नको म्हणायला लागला, तिनं ऐकलं नाही. गाव कुठलं विचारलं, सत्तरीत सांगितलं. जेवलास का विचारलं. मग रस्त्याच्या बाजूला, जिथं आता नुसतं गवत आणि एक फणस आहे, तिकडं ती जरा वेळ बघत राहिली. पोरगा टॉर्च जमिनीकडं धरून तिच्या बाजूला उभा, त्याच्या बुटांवर उजेड, तिच्या चपलांवर उजेड.

"रातभर उबो आसता तूं हांगा?" आईनं विचारलं.

"ना गो आजी. दोन वाजेसर. मागीर दुसरो येता."

"येतो ना नक्की?"

"येता, येता," तो म्हणाला. "ना आयल्यार फोन करता हांव ताका."